नाकावाटे पिट्यूटरीचं ऑपरेशन: गोव्यातल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी काय, कधी आणि कसं करायचं

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ बाजूच्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या रक्ताच्या पोकळीत शिरली आहे, नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळी निघेल ना? माझ्या काकांच्या वेळी आमच्याही घरात हाच प्रश्न चार तोंडांनी विचारला गेला. पण अशा पसरलेल्या गाठीत तेवढं विचारून भागत नाही. काय वाचवायचं, काय काढायचं आणि काय जाणूनबुजून मागे ठेवायचं, हे ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असावं लागतं, आणि ते घरच्यांनाही नीट कळलेलं असावं लागतं. म्हणून पहिल्या रिपोर्टपासून पुढच्या काही वर्षांपर्यंतचा क्रम इथे लिहितो आहे. औषधाचे डोस आणि तारखा तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, एवढं तुमच्या हातात असलं तरी बरंच काम होतं.

आधी जागा समजून घ्या

पिट्यूटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत ती बसलेली असते. तिच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात. डाव्या-उजव्या अंगाला कॅव्हर्नस सायनस. त्यातून मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी जाते आणि डोळा हलवणाऱ्या नसाही जातात. खाली, हाडाच्या पलीकडे, स्फिनॉइड सायनस म्हणजे हवेची पोकळी. नाकातून शिरायची वाट याच पोकळीतून जाते. म्हणून बहुतेकांची कवटी उघडावी लागत नाही, चेहऱ्यावर टाकाही येत नाही.

गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान असली तर मायक्रो, १० किंवा जास्त असली तर मॅक्रो, आणि ४० च्या पुढे गेली की जायंट. ती बाजूला शिरली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पिट्यूटरीच्या बहुतेक गाठी, अगदी आजूबाजूला घुसलेल्यासुद्धा, शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. दूरवर पसरणारी पिट्यूटरीची गाठ अत्यंत दुर्मीळ. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण पाहुण्यांच्या तोंडी ‘कॅन्सर’ हा शब्द फार लवकर येतो.

सर्जनच्या आधी रक्ततपासणी

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: प्रोलॅक्टिनचा, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनचा, रिपोर्ट हातात येईपर्यंत ऑपरेशनची तारीख ठरवू नका. दृष्टी झपाट्याने जात असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही रक्त तातडीने पाठवता येतं.

कारण सरळ आहे. प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ कितीही मोठी असो, कॅव्हर्नस सायनसमध्ये कितीही शिरलेली असो, तिचा पहिला इलाज सहसा गोळी असतो. कॅबरगोलिन नावाची ही गोळी बहुतेकांना आठवड्यातून एकदा-दोनदाच घ्यावी लागते. पुष्कळ जणांची गाठ तिने आकसते, आणि काहींची नजर तर काही दिवसांतच सुधारू लागते. म्हणजे एका रक्ततपासणीवर ऑपरेशन टळू शकतं.

या रिपोर्टात दोन फसव्या जागा आहेत. गाठ फार मोठी असेल आणि प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं असेल, तर यंत्र कधी कधी खोटा, कमी आकडा दाखवतं. म्हणून मोठ्या गाठीत नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं. लॅबवाल्यांना ‘डायल्यूशन’ म्हटलं की कळतं. दुसरी जागा याच्या उलट आहे. कुठल्याही गाठीने पिट्यूटरीचा देठ दाबला की प्रोलॅक्टिन थोडंफार वाढतं. तेवढ्यावर गोळी सुरू करून महिने घालवणं बरोबर नाही. आकडा आणि गाठीचा आकार यांचा मेळ बसतो का, हे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, बघतात.

कॅबरगोलिन सुरू झालं तर घरच्यांनी दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं. गाठ झपाट्याने आकसली आणि नाकातून पाण्यासारखं काही ठिबकू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. दुसरी गोष्ट म्हणजे काही रुग्णांना या औषधाने जुगाराची किंवा वारेमाप खरेदीची अनावर ओढ लागते. माणूस वाईट नसतो, औषध तसं करवतं. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या गोव्यात हे उघडपणे बोलायला हवं, आणि असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगायला लाजू नये.

बाकीच्या तपासण्या: सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल (ताण सोसायला लागणारं हार्मोन), थायरॉइडसाठी फ्री टी४ आणि टीएसएच, ग्रोथ हार्मोनसाठी आयजीएफ-१, प्रजननाची हार्मोन एलएच आणि एफएसएच, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, शिवाय सोडियम आणि साखर. अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला, घोरणं वाढलं, अशी लक्षणं असतील तर ग्रोथ हार्मोनची गाठ असू शकते. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण अशा रुग्णांची जीभ आणि घसा जाड झालेला असतो आणि नळी घालणं अवघड जातं. कॉर्टिसोल कमी निघालं तर ते आधी भरून काढतात आणि थायरॉइडची गोळी नंतर सुरू करतात. हा क्रम उलटा झाला तर रुग्ण एकाएकी कोसळू शकतो.

डोळ्यांचा नकाशा

गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू दिसेनाशी होते. समोरचं स्वच्छ दिसतं, त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, बाजूने आलेली स्कूटर अगदी अंगावर आल्यावर कळते. आमच्या काकांनी दोन चष्मे बदलले होते. दोष भिंगाचा नव्हताच.

याची तपासणी म्हणजे पेरिमेट्री. एका अर्धगोलात तोंड धरून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि कडेला दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. काका अर्धा-अर्धा मिनिट बटणाला हातच लावत नव्हते. आम्हाला वाटलं डुलकी लागली. मग दोन कागद छापून आले. डाव्या डोळ्याच्या कागदाचा डावा अर्धा भाग काळा, उजव्याचा उजवा. ऑपरेशनची निकड किती, हे ठरवताना या कागदांना फार वजन असतं. ते जपून ठेवा, ऑपरेशननंतर नवे कागद त्यांच्याशेजारी ठेवूनच फरक बघतात. आणि ते बघून झाल्याशिवाय गाडी चालवायची नाही.

मध्येच अचानक भयंकर डोकं दुखलं, उलट्या झाल्या, नजर गेली, पापणी पडली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या ओपीडीची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि ‘पिट्यूटरीची गाठ आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

एमआरआय समजावून घ्या

पिट्यूटरीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो, आणि नाकाची वाट बघायला सायनसचा सीटी. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, कारण दुसरं मत घ्यायचं झालं तर सीडीच कामाला येते.

सर्जनना विचारायचा प्रश्न: नॉस्प ग्रेड किती? व्हिएन्नाच्या नॉस्प यांच्या नावाची ही मोजणी १९९३ पासून वापरात आहे. एमआरआयवर कॅरोटिड धमनीचे दोन काप दिसतात, एक वरचा आणि एक खालचा. त्यांच्या आतल्या कडांना जोडणारी एक रेघ, मधून एक, बाहेरच्या कडांना जोडणारी एक. गाठ आतल्या रेघेच्या अलीकडेच असेल तर ग्रेड ०. ती मधल्या रेघेच्या अलीकडे थांबली तर १, बाहेरच्या रेघेच्या आत थांबली तर २, बाहेर गेली तर ३. धमनीला पूर्ण विळखा घातला असेल तर ४. ग्रेड जितकी वर, तितकी गाठ मुळापासून निघण्याची शक्यता कमी. ४ ग्रेडमध्ये सर्जन बहुधा डोळ्यांच्या नसांवरचा दाब काढतात, गाठीचा मोठा भाग काढतात आणि धमनीला चिकटलेलं तसंच राहू देतात. हे अपयश नाही. त्या धमनीला इजा झाली तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो किंवा पक्षाघात होऊ शकतो. ‘मागे काय राहील आणि त्याचं पुढे काय करणार?’ या प्रश्नाचं उत्तर ऑपरेशनच्या आधीच मिळवा.

कुठे करायचं

गोव्यात बहुतेकांची पहिली धाव बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आणि शेजारच्या सावंतवाडी-दोडामार्गचेही रुग्ण तिथे येतात. खाजगी हॉस्पिटलं आहेत, आणि काही जण मुंबई-बेंगळुरूचा रस्ता धरतात. कुठेही गेलात तरी इमारत बघू नका, माणसं बघा. ही टीम वर्षाला पिट्यूटरीची किती ऑपरेशनं करते? न्यूरोसर्जनबरोबर कान-नाक-घशाचे सर्जन असतात का? हार्मोनचे डॉक्टर ऑपरेशननंतर रोज बघणार का? धमनीतून रक्तस्राव झालाच तर रक्तवाहिनीच्या आतून तो थांबवणारे तज्ज्ञ जवळ आहेत का? जाणते सर्जन या प्रश्नांवर चिडत नाहीत.

खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड शोधून ठेवा. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी २०१६ साली ही योजना आली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच होतं. आजची मर्यादा किती, आणि तुमचं ऑपरेशन यादीत कोणत्या नावाखाली बसतं, हे भरती होण्याआधी काउंटरवर विचारा. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. राज्याबाहेर जायचं असेल तर गोवा सरकारच्या मेडिक्लेम योजनेचे कागद जाण्याआधी करायचे असतात.

भरती व्हायच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घरचे काढे, आयुर्वेदिक औषधं, सगळं डॉक्टरांना सांगा. काय बंद करायचं ते तेच ठरवतील. सर्दी झाली असेल, नाकातून पिवळं येत असेल तर लपवू नका. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलणं शहाणपणाचं असतं. तपकीर आणि सिगारेट बंद. सीटीवर स्फिनॉइडमधले हाडाचे पडदे कुठे जाऊन टेकले आहेत हे सर्जन बारकाईने बघतात, कारण एखादा पडदा थेट कॅरोटिडवरच्या हाडाला जोडलेला असतो आणि तो पिरगाळून तोडणं धोक्याचं असतं.

ऑपरेशनमध्ये काय होतं

पूर्ण भूल देतात. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण एका नाकपुडीतून आत जाते, दोन्ही नाकपुड्यांतून हत्यारं चालतात. एक सर्जन दुर्बीण धरतात, दुसऱ्यांचे दोन्ही हात मोकळे राहतात. नाकाच्या पडद्याचा मागचा थोडा भाग काढून स्फिनॉइड उघडतात. त्याच्या मागचं पातळ झालेलं हाड घासून दूर करतात, धमनी नेमकी कुठे आहे ते नेव्हिगेशन (स्कॅनवरून जागा दाखवणारं यंत्र) आणि डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह ओळखणारं यंत्र) पडताळतात, मग मेंदूचं आवरण उघडून गाठ तुकड्या-तुकड्याने काढतात. गाठ पुष्कळदा मऊ असते आणि सक्शनने निघते; घट्ट निघाली तर वेळ लागतो. सरळ भिंगाने दिसत नाही ते ३० किंवा ४५ अंशांच्या तिरक्या भिंगाने कोपऱ्यात वळून बघता येतं. बाजूला शिरलेल्या गाठीत दुर्बिणीचा खरा उपयोग इथेच होतो.

शेवटचं काम बुजवण्याचं. मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू नये म्हणून मांडीतली किंवा पोटावरची चरबी, मांडीचा पडदा, किंवा नाकाच्या पडद्यावरचं रक्तपुरवठ्यासकट उचललेलं अस्तर तिथे लावतात. म्हणून नाकाच्या ऑपरेशनहून माणूस मांडीला पट्टी बांधून बाहेर आला तर घाबरू नका.

पहिले दहा दिवस: लघवी आणि सोडियम

शुद्धीवर आल्यावर नाक गच्च बंद असतं, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, ओठ कोरडे पडतात. ओला कापसाचा बोळा ओठांवर फिरवत राहा. नर्स वरचेवर ‘किती बोटं?’ विचारतात, ती नजरेची तपासणी असते.

खाटेखाली खुणा असलेलं लघवीचं भांडं असतं आणि खाटेला तक्ता. तो तक्ता भरण्यात घरच्या एका माणसाने मनापासून लक्ष घालावं. पिट्यूटरीच्या मागच्या भागातून पाणी धरून ठेवणारं हार्मोन येतं. तो भाग दुखावला तर लघवी पाण्यासारखी फिकी आणि भसाभस होऊ लागते, तहान भागत नाही. तासाला २५० मिलिलिटरच्या वर, सलग दोन-तीन तास अशी होत राहिली तर नर्सना लगेच सांगा. डेस्मोप्रेसिन या औषधाने ती आटोक्यात येते, आणि बहुतेकांचा त्रास काही दिवसांनी थांबतो.

त्यानंतर याच्या उलट होऊ शकतं, आणि तेही घरी आल्यावर. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, बरेचदा सातव्याच्या आसपास, शरीर पाणी धरून ठेवू लागतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. ते खाली गेलं की डोकं जड होतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलतो, झटकेही येऊ शकतात. नेमक्या याच दिवसांत बघायला आलेले लोक शहाळी आणतात, ‘अशक्तपणा आहे, पाणी भरपूर पी’ म्हणून आग्रह करतात. प्रेमापोटीच करतात, पण नाही म्हणायला शिका. तहान लागेल तेवढंच, किंवा डॉक्टरांनी आखून दिलेलं असेल तेवढंच पाणी. पेज द्या, पण तीही त्या हिशेबात धरा. आठवड्याच्या सुमाराला सोडियम तपासायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसेल तर मागून घ्या.

घरी

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. वाकून अंगण झाडणं, विहिरीतून पाणी ओढणं, सिलिंडर उचलणं बंद. देवासमोर बसून हात जोडले तरी पोचतं, खाली डोकं टेकू नका. शौचाला जोर पडू नये म्हणून डॉक्टर औषध देतात, ते घ्या. विमानप्रवास आणि कामावर परतणं सर्जनना विचारूनच. चवथीच्या दिवसांत घरी असाल तर गणपतीवरची माटोळी बांधायचं काम यंदा दुसऱ्यावर सोपवा.

नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगतील, ते कधीपासून हे त्यांनी सांगेपर्यंत थांबा. पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच घालू नका. त्यात असलेला एक अमीबा क्वचित थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि जीव घेतो. नदीत, तळीत, समुद्रात डुंबणंही तूर्त नाही.

पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकलं, किंवा घशात खारट चव येत राहिली, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. स्वच्छ बाटलीत थोडं धरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, पुन्हा नजर कमी होणं, यांनाही तोच नियम. नाकातून भळाभळा रक्त आलं तर बसवून, डोकं किंचित पुढे करून १०८. पेडणे किंवा काणकोणहून बांबोळी लांब पडते, तेव्हा वाटेत म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय लागतं हे आधीच ध्यानात असू द्या.

कॉर्टिसोलची गोळी

हायड्रोकॉर्टिसोन दिलं असेल तर ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही. एकादशीचा कडक उपास असला तरी गोळी घ्यायचीच. ताप आला, दात काढायचा ठरला, तर डोस वाढवावा लागतो. किती ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं, तेही त्वरित. रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘पिट्यूटरीचं ऑपरेशन झालेलं आहे, कॉर्टिसोल कमी आहे, स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या.’ बेशुद्ध माणसाच्या वतीने तेवढी चिठ्ठी बोलते. आपल्याकडे ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारे नातेवाईक भेटतात. इथे ती गोळी म्हणजे शरीराने रोज स्वतः करायची वस्तू बाहेरून देणं आहे.

मागे राहिलेली गाठ

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घ्यायला विसरू नका. गाठ कोणत्या पेशींची आहे आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत याचं माप) किती आहे, यावर पुढचं लक्ष किती बारकाईने ठेवायचं हे ठरतं. पहिला एमआरआय बहुतेक तीन महिन्यांनी करतात. त्याआधी भरलेली चरबी आणि साकळलेलं रक्त चित्रात गोंधळ घालतं. मग काही वर्षं दरवर्षी.

राहिलेला भाग वाढत नसेल आणि हार्मोन सोडत नसेल तर नुसतं बघत राहणं हाही इलाज आहे. ग्रोथ हार्मोनच्या गाठीत ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं असतात, बहुधा महिन्यातून एक. तुकडा वाढत असेल तर किरणोपचार. तो लहान आणि डोळ्यांच्या नसेपासून काही मिलिमीटर दूर असेल तर गॅमा नाइफ या किरणांच्या यंत्राने एका बैठकीत काम होऊ शकतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ते यंत्र आहे. नसेला चिकटलेला असेल तर पाच-सहा आठवडे थोडे थोडे किरण देतात. किरणांनंतर गाठ थांबते, पण उरलेली पिट्यूटरी हळूहळू, काही वर्षांनी, थकू शकते. म्हणून एमआरआय स्वच्छ आला तरी कॉर्टिसोल आणि थायरॉइडची तपासणी दरवर्षी करायची असते. फाइलच्या पहिल्याच पानावर पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवा, आणि मुलाकडे किंवा सुनेकडे त्या पानाचा फोटो असू द्या.